बागेतले सगळे गुरखे मला सारखेच का दिसतात?

प्रश्न: रत्नागिरीजवळ आमची हापूसची कलमं आहेत, सीझनला राखणीला नेपाळी गडी असतात. कोण कुठला ते मला काही केल्या कळत नाही म्हणून सगळ्यांना बहादूर अशीच हाक मारतो. लेक म्हणते, बाबा हे बरं दिसत नाही. वयामुळे होतंय का हे, की डोळे तपासून घेऊ?

उत्तर: डोळे तपासा हवं तर, पण नंबर वाढला म्हणून नेमके नेपाळीच सारखे दिसायला लागतील असं होत नाही ना, मिरकरवाड्यावरच्या मासेवाल्या तर बरोबर ओळखत असाल! अमेरिकेत माल्पास आणि क्रॅविट्झ या मानसशास्त्रज्ञांनी १९६९ मध्येच फोटो दाखवून हे बघितलं होतं, गोऱ्यांना गोरे चेहरे जास्त लक्षात राहिले. यात सवयीचा भाग आहेच, लहानपणी फ्रान्समध्ये दत्तक गेलेली कोरियन मुलं मोठेपणी युरोपियन चेहरेच जास्त नीट ओळखायला लागली होती.

पण नुसती सवय म्हणून सोडून देऊ नका. २००७ मध्ये अमेरिकेतल्या मायामी युनिव्हर्सिटीत विद्यार्थ्यांना सगळे गोरेच चेहरे दाखवले, फक्त काहींवर आपल्या कॉलेजचं नाव आणि काहींवर दुसऱ्या कॉलेजचं, तर आपल्या कॉलेजचं नाव लावलेले जास्त आठवले. चेहऱ्यात काहीच फरक नाही, लेबलाचा फरक! आणि २००८ मधला प्रयोग तर मला वाटतं बागायतदारांनी वाचायलाच हवा, त्यात गोरे चेहरेच गरीब वस्तीच्या बॅकग्राउंडवर दाखवले तर गोऱ्या विद्यार्थ्यांना ते कमी आठवले. म्हणजे 'हा गडी' असं एकदा मनात बसलं की पुढे चेहरा बघायचं आपण सोडूनच देतो, तुमचं बहुतेक तेच होतंय, लेकीचं बरोबर आहे.

मानसशास्त्रज्ञ ह्युगेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये लोकांना आधीच सांगून ठेवलं की बाबांनो, दुसऱ्या वंशाचे चेहरे बघताना वेगळेपण काय ते शोधा, तर त्या प्रयोगात आपल्या आणि दुसऱ्या वंशाचे चेहरे लक्षात राहण्यात फरक राहिलाच नाही. तेव्हा पगार हातात देताना तरी नाव घेऊन, भुवया, कान, हनुवटी बघून द्या.

आणि आंबे चोरीला गेले तर रात्री बॅटरीच्या उजेडात दिसलेल्या माणसाबद्दल पोलिसांना ठामपणे 'हाच तो' सांगू नका. अमेरिकेत रोनाल्ड कॉटन या कृष्णवर्णीय माणसाला १९८४ च्या बलात्काराच्या केसमध्ये गोऱ्या तरुणीने अगदी खात्रीने ओळखलं होतं, १९९५ मध्ये डीएनए टेस्टने तो निर्दोष ठरला, तोवर दहा वर्षं जेलमध्ये गेली होती.