हातानं खाऊ दे की त्याला

प्रश्न : मुलगा सव्वा वर्षाचा, आम्ही मालवणला राहतो. भरवायला गेलं की तोंड फिरवतो, स्वतःच ताटात हात घालतो, निम्मं खाली सांडतं. सासूबाई म्हणतात भरवच, नाहीतर उपाशी राहील. हातात काय देऊ?

उत्तर : अगं, खाली चटई टाक आणि खाऊ दे! सासूबाईंनाही शेजारी बसव, अधूनमधून एखादा घास त्यांनी भरवला तर बिघडत नाही. घावण्याच्या बोटाएवढ्या पट्ट्या, उकडलेलं रताळं, मऊ वरणभाताचे तूप घालून छोटे गोळे, हे मुठीत नीट धरता येतं. हापूसची फोड मात्र हातातून सटकते, ती नाचणीच्या भाजलेल्या पिठात जरा घोळवून दे, मग बघ कशी पकडतो. मासे द्यायचे तर काटे डोळ्यांनी नाही, बोटांनी चाचपून काढ, आणि तिखट-मीठ घालायच्या आधीच त्याचा तुकडा बाजूला काढ. अख्खे काजू, शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, करवंदं अजिबात नको, घशात अडकतात. आठळी, म्हणजे फणसाची बी, उकडून कुस्करूनच. खाताना तो बसलेला हवा, पळतापळता नाही, आणि कोणीतरी जवळ हवंच. वजन वाढत नसेल तर डॉक्टरांना दाखव.