स्टेंटनंतर ल्युटिनच्या गोळ्या द्याव्यात का?

वडिलांना स्टेंट बसवलाय आणि पालकातल्या ल्युटिनने रक्तवाहिन्यांचा दाह कमी होतो असं वाचलंय, तर त्याच्या गोळ्या सुरू कराव्यात का, असं तुम्ही विचारलंय. मी हृदयरुग्णांच्या आहाराचं काम करते. माझ्या मते गोळ्या नकोत. पालेभाजी मात्र रोज द्या.

तुम्ही वाचलेलं संशोधन बहुधा स्वीडनच्या लिनशॉपिंग विद्यापीठाचं, २०१७ सालचं असावं. स्टेंट, औषधं, पथ्य सगळं होऊनही बऱ्याच रुग्णांच्या अंगात सौम्य दाह धुमसत राहतो, हा त्यातला मूळ मुद्दा. १९३ हृदयरुग्णांच्या रक्तातली सहा कॅरोटिनॉइडं (भाज्या-फळांतली रंगद्रव्यं, ल्युटिन त्यांतलंच एक) मोजली, तेव्हा ज्यांच्यात ल्युटिन जास्त त्यांच्यात इंटरल्युकिन-६ हा दाह दाखवणारा घटक कमी आढळला. मग रुग्णांच्याच पांढऱ्या पेशींना प्रयोगशाळेत ल्युटिन दिलं. त्यांची दाह वाढवणारी द्रव्यं घटली. मला हे फार आशादायक वाटतं, पण यावरून हार्ट अटॅक टळतो असं म्हणता येत नाही.

गोळ्यांना मी नाही म्हणते ते फिनलंडमुळे. गाजरातलं बीटा-कॅरोटीन हेही ल्युटिनसारखं कॅरोटिनॉइडच. ते तिथे २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत गोळीतून दिलं, आणि १९९४ मध्ये निकाल आला तो फुफ्फुसाचा कर्करोग वाढल्याचा. ल्युटिन वेगळं आहे, मान्य. तरी ताटातली भाजी आणि तिच्यातून वेगळं काढलेलं एक द्रव्य यांना मी एकच समजत नाही.

भाजी कशी करता हेही बघा. जास्त वेळ शिजवलं की ल्युटिन घटतं, आणि ते स्निग्ध पदार्थासोबतच नीट शोषलं जातं. म्हणून मी मेथीचा घोळाणा सुचवते: स्वच्छ धुतलेली कोवळी मेथी, कांदा, दाण्याचं कूट, वर चमचाभर तेल. कोवळा पालक बारीक चिरून दह्यात कालवला तरी छान. शिजवायचीच असेल तर फोडणीत परतून लगेच उतरवा. अंड्याच्या बलकात आणि मक्यातही ल्युटिन असतं.

स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या) आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांत वॉरफेरिन किंवा असेनोकुमॅरॉल आहे का, हे आजच चिठ्ठीवर पाहा. पालेभाजीतलं व्हिटॅमिन के या दोन औषधांचा परिणाम कमी करतं. ती चालू असतील तर भाजीचं प्रमाण रोज सारखं ठेवा, आणि वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.