ऑनलाइन गेममध्ये दुर्मिळ वस्तू विकण्याची जास्त न्याय्य पद्धत कोणती?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या गिल्डच्या (एकत्र खेळणाऱ्यांच्या संघाच्या) सामायिक बँकेत अधूनमधून एखादी दुर्मिळ वस्तू येते, ती चॅटवर टाकली की जो पहिला ‘मला हवी’ लिहितो त्याला मिळते आणि मग उरलेले चिडतात. लिलाव करावा तर दोन-तीन गडगंज खेळाडूच सगळं नेतील, ही भीती. आमच्या गिल्डची बँक बरीच वर्षं मी सांभाळते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे.

वस्तू एक आणि मागणारे वीस, तर एकोणीस जण रिकाम्या हाताने जाणारच. ते कुठल्याच पद्धतीने टळत नाही. तुमच्या हातात एवढंच असतं की घेणाऱ्याने किंमत कशात मोजायची आणि ती किंमत शेवटी कोणाकडे जायची. लिलाव की सोडत, हा वाद लोक तासन् तास घालतात. पण हे दोन मुद्दे आधी ठरवले नाहीत तर कोणतीही पद्धत आणा, महिन्याभरात भांडण परत दारात.

‘पहिला येईल त्याला’ ही पद्धत फुकटची वाटते, म्हणून ती न्याय्यही वाटते. प्रत्यक्षात तिथे किंमत मोजली जाते जागरणात आणि इंटरनेटच्या वेगात. युरोपातल्या सर्व्हरवर पुण्याहून किंवा नागपुरातून खेळणाऱ्यांना हे मी सांगायला नको. लंडनला रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो. सकाळी नोकरीवर जाणारा माणूस तिथे हरणार हे आधीच ठरलेलं असतं. आणि न झोपता, न चुकता बटण दाबण्याचं काम बॉटइतकं (माणसाऐवजी आपोआप खेळणाऱ्या प्रोग्रामइतकं) चांगलं कोणीच करत नाही.

याचं मोठं उदाहरण फायनल फँटसी १४ या गेममधल्या घरांचं. तिथे घरासाठी जागा मोजक्या आणि किंमत गेमनेच बांधून दिलेली. एखादी जागा मोकळी झाली की ती नेमकी कधी विक्रीला उघडणार ते कोणालाच कळू नये, म्हणून मागे एक गुप्त घड्याळ चालायचं. हेतू चांगला होता, पण झालं असं की लोक त्या जागेवरच्या विक्रीच्या पाटीसमोर तासन् तास उभे राहून एकच बटण दाबत बसायचे आणि त्यांच्या शेजारी बॉटही तेच करत उभे असायचे. गोल्डमधली, म्हणजे गेमच्या चलनातली, किंमत कमी ठेवली म्हणून वस्तू स्वस्त झाली नाही. उरलेली किंमत लोकांनी वेळेत मोजली, आणि तो वेळ कोणाच्याच उपयोगी पडला नाही.

एप्रिल २०२२ मध्ये तिथे सोडत आली. पाच दिवस अर्ज करायचे, पुढचे चार दिवस निकालाचे. अर्जासोबत पूर्ण रक्कम भरायची. नंबर लागला नाही तर सगळी परत. नंबर लागूनही जागा ताब्यात घेतली नाही तर अर्धीच परत. मला हा शेवटचा नियम फार आवडतो, कारण गरज नसताना ‘टाकून तर बघू’ म्हणणारे त्याने कमी होतात. पाच दिवसांच्या मुदतीमुळे रात्रपाळीवाल्यालाही तेवढीच संधी मिळते. पहिल्याच फेरीत मात्र बिघाड झाला. अर्ज भरपूर आलेले असूनही काही जागांवर विजेता क्रमांक ‘शून्य’ दिसत होता, आणि लोक भडकले. नंबर न लागण्यावर कोणी एवढं भडकत नाही. निकाल कसा लागला ते दिसत नाही तेव्हा भडकतात. तुमच्या गिल्डमध्ये सोडत काढणार असाल तर ती सगळ्यांसमोर, गेमच्याच फासे टाकण्याच्या कमांडने काढा. ‘मी घरी चिठ्ठ्या काढल्या’ हे तुम्ही कितीही खरं सांगत असलात तरी चालत नाही.

आता लिलाव. लिलावाची बदनामी दोन वेगळ्या कारणांनी होते आणि लोक ती एकत्र करतात.

पहिलं कारण शेवटच्या सेकंदाचं. ठरलेल्या वेळी बोली बंद होत असेल तर सगळे गप्प बसतात आणि शेवटच्या क्षणी उडी मारतात, म्हणजे पुन्हा वेगाची शर्यत. अल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी यावर २००२ साली अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हा ईबेवर लिलाव घड्याळाप्रमाणे संपत असे, तर अ‍ॅमेझॉनच्या लिलावात शेवटी बोली आली की मुदत वाढत असे. ऐन शेवटच्या क्षणी बोली लावण्याचा प्रकार ईबेवर कितीतरी जास्त आढळला. तेव्हा एक तर मुदत वाढू द्या, नाहीतर बंद बोली घ्या. बंद बोलीत माझी पसंती दुसऱ्या किमतीच्या लिलावाला. विल्यम विक्री यांनी १९६१ साली याचं गणित मांडलं होतं. सगळे आपापली बोली गुप्तपणे देतात, सर्वात मोठी बोली जिंकते, पण पैसे भरायचे ते दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतके. त्यामुळे समोरचा किती लावेल याचा अंदाज बांधत बसावं लागत नाही. तुम्हाला ती वस्तू जेवढ्याची वाटते तेवढा आकडा लिहायचा आणि झोपायला जायचं. नवख्या खेळाडूला यात फसण्याची भीती सर्वात कमी. अट एकच की बोली गोळा करणाऱ्याने स्वतः बोली लावायची नाही आणि निकालानंतर सगळे आकडे उघड करायचे.

दुसरं कारण श्रीमंतांचं, आणि ते जास्त खोल आहे. इथेच ‘किंमत जाते कोणाकडे’ हा मुद्दा येतो.

लॉस्ट आर्क या गेममध्ये रेड (टोळीने मिळून बलाढ्य शत्रूवर केलेली चढाई) संपल्यावर दुर्मिळ वस्तूवर टोळीतलेच खेळाडू बोली लावतात आणि जिंकणाऱ्याचं गोल्ड बाकीच्यांत सारखं वाटलं जातं. आपली लिलावाची भिशी अगदी अशीच चालते. ज्याला निकड आहे तो जास्त सोडतो आणि त्याने सोडलेलं बाकीच्यांच्या पदरात पडतं. याचं गणितही सुरेख आहे. समजा टोळी आठ जणांची आणि त्या वस्तूचा बाजारभाव ८००० गोल्ड. बाजारात विकली तर ५ टक्के कर कापून हातात येतील ७६००. त्याचे सात-अष्टमांश म्हणजे ६६५०. या बोलीला वस्तू गेली तर जिंकणाऱ्याला विकून ९५० सुटतात आणि इतर सातही जणांना प्रत्येकी ९५० मिळतात. सगळे सारखे. याच्या खाली वस्तू गेली तर जिंकणाऱ्याचा फायदा, वर गेली तर न जिंकणाऱ्यांचा. श्रीमंताने हट्टाने जास्त बोली लावली तर लावू द्या, तेवढं गोल्ड गरिबांकडे येतं. ‘सगळं श्रीमंतच नेतील’ या भीतीवर माझ्या मते हाच सर्वात प्रामाणिक उपाय आहे.

पण त्याला एक भोक आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये जीडीकेपी नावाने हीच पद्धत खेळाडूंनी स्वतः उभी केली होती. तिथे बाहेरून खऱ्या पैशांनी गोल्ड विकत घेऊन येणाऱ्यांमुळे बोली फुगत गेल्या, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गेम चालवणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीने त्याच्या ‘सीझन ऑफ डिस्कव्हरी’ या आवृत्तीत दुसऱ्या टप्प्यापासून तिच्यावर बंदी घातली. तुमच्या गेममध्ये गोल्डचा काळा बाजार जोरात असेल तर गोल्डमधला कुठलाही लिलाव हा शेवटी खऱ्या पैशांचाच लिलाव असतो. तो उघडपणे केला तर काय होतं तेही आपण पाहिलंय. डायब्लो ३ मध्ये जून २०१२ ला खऱ्या पैशांचं ऑक्शन हाउस उघडलं आणि मार्च २०१४ मध्ये ते बंद करावं लागलं, कारण राक्षस मारून लूट मिळवण्यापेक्षा ती विकत घेणं सोपं झालं होतं. खेळायचं मग कशासाठी?

अशा ठिकाणी किंमत हजेरीत मोजून घ्या. एव्हरक्वेस्टमध्ये १९९९ च्या सुमारास खेळाडूंनीच काढलेली डीकेपी पद्धत म्हणजे हेच. रेडला आलात की गुण मिळणार आणि त्याच गुणांनी बोली लावायची. हे गुण बाहेर विकत मिळत नाहीत. दोष असा की जुने लोक गुणांचा डोंगर साठवतात आणि नवीन माणूस वर्षभर नुसता बघत बसतो. म्हणून दर आठवड्याला प्रत्येकाच्या शिलकीतून ठराविक टक्के कापत राहायचे. आमच्याकडे कपात सुरू झाल्यावर सर्वात जास्त विरोध जुन्यांनी केला, ते स्वाभाविकच होतं. मी त्यांना एवढंच म्हटलं की नवे लोक टिकले नाहीत तर रेडला चाळीस जण आणायचे कुठून?

अगदीच दुर्मिळ नसलेल्या, पण कायम तुटवडा असलेल्या मालासाठी एवढा खटाटोप नको. रूनस्केपच्या ग्रँड एक्स्चेंज या बाजारात एका वस्तूचे दर चार तासांना ठराविकच नग घेता येतात, म्हणजे एकाच साठेबाजाला सगळा माल उचलता येत नाही. ओल्ड स्कूल रूनस्केपने डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या विक्रीवर १ टक्का कर लावला, २०२५ मध्ये तो २ टक्के केला. त्यातलं काही गोल्ड बाजारातून वस्तू विकत घेऊन त्या नष्ट करायला वापरतात, म्हणजे महागाईला थोडा लगाम बसतो. गिल्डच्या पातळीवर ‘आठवड्याला एकाला एकच’ एवढा नियम पुरतो.

तुमच्यासाठी मी काय करेन, ते सांगते. जी वस्तू खेळायला लागते (शस्त्र, चिलखत), ती गुणांवर, दुसऱ्या किमतीच्या बंद बोलीने, तीन दिवसांची मुदत ठेवून. जी नुसती मिरवायची आहे, म्हणजे घोडा, टोपी, रंग, तिची सोडत. अनामत घ्या आणि गेल्या महिन्यात ज्याचा नंबर लागला त्याला यावेळी बाहेर ठेवा. जी कोणालाच वापरायची नाही ती सरळ बाजारात विका आणि आलेलं गोल्ड त्या रेडला हजर असलेल्यांत वाटून टाका.

यात पुनर्विक्रीचा नियम विसरू नका, कारण स्वस्तात दिलेली वस्तू घेणारा दुसऱ्याच दिवशी बाजारात दुप्पट भावाने विकू शकतो. तुमच्या गेममध्ये वस्तू घेणाऱ्याशी कायमची बांधली जात असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर दोन महिन्यांच्या आत विकली तर वरचा नफा बँकेत, असं आधीच लिहून ठेवा. नियम पाळला जातो की नाही ते बाजारातल्या नोंदींवरून बहुतेक वेळा कळतं. आणि नवे नियम लागू करताना सध्या बँकेत पडलेल्या वस्तू जुन्याच पद्धतीने संपवा. ज्यांचा डोळा त्यांच्यावर होता, त्यांना नियम आपल्याविरुद्ध बदलला असं वाटायला जागा राहू नये.