वाचकांचे प्रश्न : खिडकीला ग्रिल की नुसते लक्ष?

प्रश्न : मंगळवार पेठेतील जुने बैठे घर सोडून आम्ही दोघे मुलाच्या चौथ्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये राहायला आलो आहोत. नातू तीन वर्षांचा आहे. हॉलच्या सरकत्या खिडकीला फक्त डासांची जाळी असून खाली दिवाण आहे, आणि त्यावर उभा राहून नातू रस्त्यावरच्या गाड्या पाहत असतो. ग्रिल बसवले तर घराची शोभा जाते आणि तुम्ही दोघे दिवसभर घरात आहातच, असे मुलगा म्हणतो. मला मात्र धडकी भरते. माझी भीती अनाठायी आहे का? – एक आजी, कोल्हापूर

उत्तर : मुळीच नाही. साधारण पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे डोके अंगाच्या मानाने मोठे आणि जड असल्यामुळे त्याच्या शरीराचा तोल मोठ्या माणसापेक्षा वर असतो. खाली वाकून पाहताना कमरेपर्यंतचा भाग चौकटीबाहेर गेला की पाय आपोआप उचलले जातात आणि मग स्वतःला मागे ओढण्याइतके बळ त्या हातांत नसते. हे सारे क्षणात घडते. कुकरची शिट्टी झाली म्हणून तुम्ही आत गेलात, एवढा वेळही त्याला पुरतो. म्हणून लक्ष ठेवा, एवढाच सल्ला मला अपुरा वाटतो, आणि तो देऊन सगळा भार आजी-आजोबांवर टाकणे अन्यायाचेही आहे.

डासांच्या जाळीवर तर अजिबात विसंबू नये. ती पातळ ॲल्युमिनियमच्या चौकटीत रबरी पट्टीने दाबून बसवलेली असते, आणि मुलाने अंग टेकले की जाळी पट्टीतून सुटते किंवा अख्खी चौकटच रुळावरून निघते. समोर काहीतरी आहे असे मुलाला वाटते आणि ते निर्धास्तपणे रेलते, हा त्यातला मोठा धोका आहे.

दिवाण आजच दुसऱ्या भिंतीला हलवा. खुर्ची, टीपॉय, खेळण्यांचा खोका, कपाटाचा खालचा कप्पा, ज्यावर पाय देऊन चढता येईल असे काहीही खिडकीशी ठेवू नका. त्यानंतर ग्रिल. शिवाजी उद्यमनगरात किंवा घराजवळच्या फॅब्रिकेटरकडे ते करून घेता येईल, मात्र दोन गोष्टी त्याला स्पष्ट सांगा: गज उभे हवेत, कारण आडव्या गजांची मुलाला शिडी होते, आणि दोन गजांमधील अंतर 10 सेंटीमीटरपेक्षा कमी हवे. आग लागल्यास बाहेर पडता यावे म्हणून एका खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारी झडप ठेवा आणि तिची किल्ली मोठ्यांच्या हाताला येईल, मुलांच्या नाही, अशा जागी टांगा. उभ्या गजांनी हवा अडत नाही, हेही मुलाला दाखवून द्या. ग्रिल बसेपर्यंत सरकत्या खिडकीच्या रुळात अडसर लावून ती 10 सेंटीमीटरहून अधिक उघडणार नाही अशी व्यवस्था करा.

मुलाला पटवायचे असेल तर न्यूयॉर्कचे उदाहरण सांगा. तेथील आरोग्य विभागाने 1972 साली या अपघातांविरुद्ध मोहीम उघडून मुलांच्या घरी खिडक्यांचे गज पुरवले, आणि 1976 पासून लहान मुले राहत असलेल्या बहुमजली इमारतींत ते बसवणे घरमालकांना बंधनकारक झाले. त्यानंतर खिडकीतून पडणाऱ्या मुलांची संख्या तेथे खूपच घटली.

परक्या घरी जाताना हीच नजर बरोबर ठेवावी. अनंत चतुर्दशीला महाद्वार रोडवरची मिरवणूक पाहायला नातेवाइकांच्या माडीवर गर्दी होते, सगळ्यांचे डोळे रस्त्याकडे असतात आणि मुले सज्ज्याच्या कठड्यावर चढलेली असतात. तेथे लहानग्याचा हात एका ठरावीक माणसाच्याच हातात असावा.

आणि दुर्दैवाने कोणी पडलेच तर मुलाला चटकन उचलून घेऊ नका. मान व पाठ न हलवता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. मूल उठून रडू लागले, अगदी खेळू लागले, तरीही त्याला रुग्णालयात दाखवावेच, कारण डोक्यातील रक्तस्रावाची लक्षणे, म्हणजे वारंवार उलटी, गुंगी किंवा वेगळे वागणे, काही तासांनीही दिसू शकतात.