बाथरूममधला वास नेमका कुठून येतो?

प्रश्न : रोज फिनेल टाकते, जाळी घासते, तरी दोन-तीन तासांत गटारासारखा वास परत येतो. नहाणी, बेसिन, कमोड, वॉशिंग मशीनचा पाइप, सगळ्यांवरच संशय आहे. सुरुवात कुठून करू?

दोन दिवस फिनेल, सुगंधी वड्या आणि स्प्रे बंद ठेवा. त्यांच्या वासाखाली मूळ वास दबतो आणि शोध तिथेच अडतो. नाकाचीही एक अडचण आहे. त्याच वासात दहा मिनिटं राहिलं की तो जाणवेनासा होतो. म्हणून प्रत्येक तपासणीआधी अर्धा तास मोकळ्या हवेत थांबा आणि दार उघडल्यावर पहिल्या दोन-तीन श्वासांवरच भरवसा ठेवा.

आता सगळी तोंडं बंद करायची. नहाणीच्या जाळीवर पाणी भरून गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी ठेवा. पाण्याच्या वजनाने ती जाळीला घट्ट बसते. बेसिनच्या भोकावर आणि वरच्या कडेखालच्या ओव्हरफ्लोच्या छिद्रावर चिकटपट्टी लावा. मशीनचा पाइप जिथे आत जातो तिथली फट प्लास्टिकने गुंडाळा. कमोडच्या भांड्यावर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म ताणून बसवा. खिडकी, दार, एक्झॉस्ट बंद करून चार तास थांबा.

वास गेला, तर दोषी या तोंडांपैकीच एक आहे. दर चार तासांनी एकेक उघडत जा. ज्याच्यानंतर वास आला ते सापडलं. सगळं बंद असूनही वास आला, तर कमोडचा बुडखा, पाइपांच्या डक्टकडे उघडणारी फट, फॉल्स सीलिंग किंवा भिंतीतली ओल यांकडे वळा.

नहाणी सापडली तर जाळी काढून टॉर्चने आत बघा. ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भागात, साठून राहणारं पाणी गटाराची हवा अडवतं, त्यालाच वॉटर सील म्हणतात. ते साधारण 50 मिलिमीटर असावं. काही ट्रॅपमध्ये उलटी वाटी असते आणि तिची कड पाण्यात बुडालेली असली तरच हवा अडते. केस अडकतात म्हणून ती वाटी काढून ठेवलेली पुष्कळ घरांत दिसते. मग ट्रॅप पाण्याने भरलेला दिसला तरी वास वर यायला वाट मोकळी राहते. वाटी धुऊन परत बसवा, हरवली असेल तर त्याच मापाची आणा.

मशीनचा पाइप जाळीच्या वर सुटतो की जाळी कापून ट्रॅपच्या पलीकडे खुपसलेला आहे, हेही पाहा. पलीकडे असेल तर त्या पाइपाला वॉटर सीलचं संरक्षणच नाही. बेसिनचं ओव्हरफ्लो छिद्र दोषी निघालं तर आतला मार्ग बुळबुळीत झालेला असतो. बाटली धुण्याचा बारीक ब्रश आत घाला आणि गरम (उकळतं नव्हे) साबणाचं पाणी त्याच छिद्रातून सोडा.

प्रश्न : पाहुण्यांचं बाथरूम महिनाभर बंद होतं. उघडल्यावर भपकाच आला. नवा ट्रॅप बसवावा का?

आधी नहाणीत दोन लिटर पाणी ओता, बेसिनचा नळ मिनिटभर सोडा, एकदा फ्लश करा आणि खिडकी उघडा. बहुतेक वेळा ट्रॅपमधलं पाणी वाळून गेलेलं असतं, दुसरं काही नाही. पुन्हा महिनाभर बंद ठेवणार असाल तर नहाणीत पाणी भरून त्यावर दोन चमचे लिक्विड पॅराफिन सोडा. त्याच्या थराने बाष्पीभवन मंदावतं. खाद्यतेल नको, ते खवट होतं. पाणी ओतल्यावर दोन दिवसांतच पातळी उतरली, तर मात्र ट्रॅपला चीर असू शकते आणि तसं असेल तर तो बदलावा लागेल.

प्रश्न : वरच्या मजल्यावर फ्लश झाला की आमच्या नहाणीतून गुडगुड आवाज येतो आणि मग वास. एक्झॉस्ट लावला की वास वाढतो. पंखा काढून टाकू का?

पंखा राहू द्या. 50 मिलिमीटर पाणी उपसून काढण्याइतकी ओढ घरगुती एक्झॉस्टमध्ये नसते. पंखा लावल्यावर वास वाढतो याचा अर्थ सील आधीच तुटलेलं आहे आणि त्या वाटेने हवा खेचली जाते आहे. खात्रीसाठी पंखा चालू ठेवून जाळीवर टिश्यू पेपरची बारीक पट्टी धरा. ती वर उडाली तर वाट तीच. उदबत्ती किंवा मेणबत्ती धरू नका, गटाराच्या हवेत पेट घेणारा मिथेन असू शकतो.

आता गुडगुड. उभ्या पाइपातून एकदम मोठं पाणी खाली आलं की त्याच्या मागे हवा विरळ होते आणि पुढे दाबली जाते. छतावर उघडणारा व्हेंट पाइप हा दाब सारखा करतो. त्याच्या तोंडाशी पक्ष्याचं घरटं किंवा पाला बसला, किंवा कुणी टोपण घट्ट लावलं, की ती हवा तुमच्या ट्रॅपमधून वाट काढते.

वर कुणाला तरी फ्लश करायला सांगून टॉर्चने ट्रॅपचं पाणी बघत राहा. पातळी खाली गेली तर ओढ आहे. पाणी वर उसळून बुडबुडे आले तर दाब आहे. हा फरक फार महत्त्वाचा, कारण उपाय वेगळे आहेत. ओढ असेल तर व्हेंट साफ करून तोंडाला नुसती जाळी बसवली की बहुधा भागतं. ते शक्य नसेल तर हवा फक्त आत घेणारा व्हॉल्व्ह बसवता येतो. दाब असेल तर तो व्हॉल्व्ह निरुपयोगी. दाबाचा त्रास जास्त करून खालच्या मजल्यांना होतो, आणि तिथे उभ्या पाइपाच्या तळाचं वळण किंवा पुढचं चेंबर तुंबलं आहे का हे पाहावं लागतं. हे काम सामाईक पाइपाचं आहे; एकट्याने घरातली नहाणी फोडून काही साधणार नाही.

प्रश्न : कमोड चकचकीत असतो, तरी मुतारीसारखा वास येतो. बुडख्याभोवती सिलिकॉन भरून घेतलं, उपयोग झाला नाही.

सिलिकॉनने गळती थांबत नाही, ती लपते. पाणी बाहेर दिसायचं बंद होतं आणि कमोडखाली साठत राहतं.

आधी कमोड दोन्ही हातांनी धरून हलवून बघा. किंचित जरी डुलला तरी खालचं गॅस्केट (कमोड आणि पाइप यांच्या जोडातली लवचीक कडी) दबून सैल झालेलं असणार. मग सिलिकॉनचा मागच्या बाजूचा दोन-तीन सेंटिमीटर भाग कापून काढा, बुडख्याभोवती कोरडा टिश्यू पसरा, भांड्यात खाण्याचा गडद रंग टाका आणि दर वेळी रंग घालत पाच-सहा वेळा फ्लश करा. टिश्यूवर रंग उतरला तर कमोड उचलून गॅस्केट नवंच घालावं लागेल. एकदा दबलेलं गॅस्केट पुन्हा नीट बसत नाही. जुन्या फरशीवर नवी फरशी टाकलेली असेल तर पाइपाचं तोंड खोल जातं आणि नेहमीच्या उंचीचं गॅस्केट तिथवर पोचत नाही. प्लंबरला ही उंची मोजायला सांगा. जोड सिमेंटने भरलेला असेल तर त्याला तडा गेलाय का ते पाहा. नवं सिलिकॉन लावताना मागची ती छोटी फट मोकळीच ठेवा, पुढची गळती तिथून लगेच कळेल.

रंग उतरला नाही, तर वास शिंतोड्यांचा आहे. सीटचे बिजागर उघडा, बोल्टच्या खाचा आणि भांड्याच्या वरच्या कडेची खालची बाजू आरसा धरून बघा. अंधारात अतिनील टॉर्च मारली की लघवीचे डाग फिकट पिवळसर चमकतात. टाइलच्या फटीही अशाच तपासा. भांड्याच्या कडेवरचा खरखरीत थर लिंबूफुलाने निघतो : लिटरभर कोमट पाण्यात 30 ग्रॅम, कापड भिजवून अर्धा तास लावून ठेवा. संगमरवर आणि सिमेंटच्या फटींपासून हे पाणी दूर ठेवा. फटींसाठी एन्झाइमचं क्लीनर वापरा, आणि ते पुसून न टाकता लेबलवर दिलेला पूर्ण वेळ ओलं राहू द्या.

ब्लीच आणि ॲसिड कधीही पाठोपाठ ओतू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि छोट्या बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो. साचलेल्या लघवीवर ब्लीच टाकलं तरी घातक वायू निघतात.

प्रश्न : नळ सोडला की सडक्या अंड्यांसारखा वास येतो. तो पाण्याला आहे की ड्रेनला?

दोन ग्लास घ्या, एकात गार आणि एकात गरम पाणी भरा, आणि दुसऱ्या खोलीत नेऊन हुंगा. दोन्हींना वास नसेल तर तो बेसिनच्या ड्रेनचा आहे. दोन्हींना असेल तर पाण्याच्या स्रोताचा किंवा टाकीचा. फक्त गरम पाण्याला असेल तर साठवणीच्या गीझरचा : आतल्या मॅग्नेशियम ॲनोड रॉडच्या सान्निध्यात काही जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. तंत्रज्ञाकडून टाकी धुऊन घ्या आणि ॲल्युमिनियम-झिंकचा रॉड बसवा. रॉड काढून टाकून तसंच चालवू नका, टाकी गंजेल. गीझर नुसता कोमट ठेवायची सवयही सोडा, कारण 60 अंशांच्या वर हे जिवाणू तगत नाहीत. मात्र इतकं पाणी कातडी भाजतं, तेव्हा गार पाणी आधी सोडा.

प्रश्न : गीझर चालू केल्यावर मासळीसारखा वास येतो, बंद केला की जातो. ड्रेन साफ केला, फरक नाही.

ड्रेन सोडा. तापलेल्या स्विच, सॉकेट किंवा वायरच्या प्लास्टिकला असाच वास येतो. आत्ताच मेन बोर्डावरून गीझरचा एमसीबी पाडा, ओल्या हाताने बाथरूममधल्या स्विचला शिवू नका, आणि इलेक्ट्रिशियन येऊन स्विचमागचे स्क्रू, वायरची जाडी आणि सॉकेटचे काळवंडलेले भाग तपासेपर्यंत तो पुन्हा चढवू नका.