घराचा प्लॅन कसा वाचावा आणि स्वतःच्या घराचा प्लॅन कसा काढावा?

बांधकाम व्यावसायिकाने दिलेल्या प्लॅनमधील रेषांचा अर्थ कसा लावावा आणि राहत्या घराचा प्लॅन स्वतः काढता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. घरांचे नकाशे काढणे हेच माझे काम असल्यामुळे आग्रहाने सांगतो की, दुसरी गोष्ट आधी करा. राहते घर मोजून एकदा हाताने कागदावर उतरवले की परक्या घराचा प्लॅन वाचणे फारसे अवघड राहत नाही.

जमिनीपासून साधारण १.२ मीटर उंचीवर घर आडवे कापून वरचा भाग बाजूला काढला, तर वरून जे दिसेल ते प्लॅनमध्ये असते. म्हणूनच कापल्या गेलेल्या भिंती आणि कॉलम जाड रेषेने किंवा भरीव दाखवतात, त्याखाली राहणारा स्वयंपाकाचा ओटा बारीक रेषेने आणि डोक्यावरचा माळा किंवा बीम तुटक रेषेने काढतात. जिना मध्येच तिरक्या रेषेने तोडलेला दिसतो, त्याचे कारणही हेच. दारापाशी काढलेला कंस दार कोणत्या बाजूला उघडते आणि त्यासाठी किती जागा मोकळी ठेवावी लागते हे सांगतो. कपाट कुठे ठेवायचे हे ठरवण्याआधी तो पाहावाच.

आता मोजणीकडे वळू. आधी खोल्यांचे कच्चे रेखाटन करा आणि मापे त्यावरच लिहीत जा. एका भिंतीवरची मापे घेताना टेपचे शून्य कोपऱ्यातच धरून ठेवावे आणि खिडकीची सुरुवात, खिडकीचा शेवट, दाराची कड, पुढचा कोपरा अशी सर्व मापे तिथूनच वाचावीत; तुकड्यातुकड्याने मोजल्यास प्रत्येक वेळची लहानशी चूक पुढच्या मापात मिसळत जाते. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मिळते. प्लॅनवर २३० मिलिमीटर लिहिलेली विटांची भिंत दोन्ही बाजूंच्या गिलाव्यामुळे त्याहून जाड भरते आणि तेवढी खोली आतून कमी होते. प्रत्येक खोलीचा कर्णही मोजा: ३ मीटर गुणिले ४ मीटरच्या खोलीचा कर्ण बरोबर ५ मीटर आला नाही, तर कोपरे काटकोनात नाहीत असे समजावे. जुन्या घरांत असे पुष्कळदा आढळते.

कागदावर उतरवताना १:५० हे प्रमाण सोयीचे, कारण १ मीटर म्हणजे २ सेंटीमीटर होतात आणि साधारण दोन बेडरूमचा फ्लॅट ए-फोर कागदावर मावतो. एका दिशेच्या सर्व खोल्यांची मापे आणि मधल्या भिंतींच्या जाड्या यांची बेरीज घराच्या एकूण लांबीशी जुळली पाहिजे. ती जुळेपर्यंत पक्क्या रेषा ओढू नका.

जाहिरातीतील प्लॅन पाहताना त्यात काढलेल्या पलंगावर विसंबू नका, पट्टी लावून त्याची लांबी तपासा. खरा पलंग १.९ मीटरच्या आसपास असतो; प्लॅनच्या प्रमाणात तो दीड मीटरच भरला, तर खोली मोठी भासावी म्हणून पलंग लहान काढला आहे हे उघड आहे. क्षेत्रफळाबाबत, बांधकाम व्यावसायिकांच्या घरविक्रीचे नियमन करणाऱ्या २०१६ च्या रेरा कायद्यानुसार कार्पेट एरियात, म्हणजे घरातील वापरण्याजोग्या क्षेत्रफळात, आतल्या भिंतींनी व्यापलेली जागा धरली जाते. बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइप वगैरेंसाठी सोडलेली उभी पोकळी), बाल्कनी आणि खुली गच्ची धरली जात नाही. त्यामुळे खोल्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज कार्पेट एरियाच्या आकड्यापेक्षा थोडी कमी आली, तर ते स्वाभाविक आहे. फरक फार मोठा वाटल्यास मंजूर नकाशा मागावा. ग्राहक म्हणून तो पाहण्याचा हक्क याच कायद्याने तुम्हाला दिलेला आहे.