धातूची झडप आणि आकडी

प्रश्न : माझी धाकटी जाऊ ३६ वर्षांची आहे. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात हृदयाची मायट्रल झडप खराब झाली. पुढे ऑपरेशन करून धातूची झडप बसवली. मध्यंतरी उजव्या हाताला झटके येऊन ती बेशुद्ध पडली. स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला जुना स्ट्रोक दिसला. तेव्हापासून फिटची गोळी कार्बामाझेपिन चालू आहे. पण रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आयएनआर ३ च्या आसपास असायचा, तो १.६ वर आलाय. सासूबाई मेथी-पालकाला दोष देतात. झडपेमुळे फिट येते का? नवी गोळी बंद करू का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, १.६ वाचून तुम्हाला त्याच दिवशी फोन केला होता. बाकीच्यांसाठी इथे लिहितो. मायट्रलच्या जागी धातूची झडप असेल तर आयएनआर साधारण २.५ ते ३.५ लागतो. त्याखाली झडपेवर गुठळी धरण्याची भीती. पालेभाजीचा हात थोडा असेलही, पण माझा संशय कार्बामाझेपिनवर आहे. तिच्यामुळे यकृत वॉरफेरिन, म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी, भराभर संपवून टाकतं. फिनोबार्बिटोन या फिटच्या दुसऱ्या गोळीचंही तेच.

तरीही गोळी स्वतःहून बंद करू नका. फिट उलटेल, आणि काही आठवड्यांत आयएनआर भलताच चढून रक्तस्राव होईल. त्याऐवजी लेव्हेटिरासिटाम ही फिटची गोळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. ती वॉरफेरिनच्या वाटेला फारशी जात नाही. बदल होत असताना आयएनआर वरचेवर तपासा. मेंदूची फाइल वेगळी, हृदयाची वेगळी, हे मला अजिबात पटत नाही. दोन्ही डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवा.

झडप स्वतः फिट आणत नाही. तिथली गुठळी सुटून मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकते, तेवढा भाग मरतो, आणि त्या व्रणातून पुढे कित्येक महिन्यांनीही फिट येते. डावीकडचा स्ट्रोक आणि उजव्या हाताचे झटके जुळतात. मात्र थंडी वाजून ताप आला, तर झडपेला जंतुसंसर्ग झाला नाही ना, हे बघावं लागतं. घरची अँटिबायोटिक देऊ नका. आधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का याची तपासणी.

दुसऱ्या वाचकांसाठी : जिना चढताना बेशुद्ध पडून हातपाय झटकणाऱ्या माणसाची महाधमनीची झडप अरुंद असू शकते. फिटच्या गोळ्या लावण्याआधी ईसीजी आणि इको करा.

जावेला पुन्हा फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. डोकं आपटलं असेल तर ती नीट बोलत असली तरी लगेच दवाखान्यात न्या आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, हे दारातच सांगा.